एकखिडकी योजना

छत्तीस वर्षं बँकेच्या खिडकीत बसून काढल्यावर, खिडकी म्हणजे काय हे मला कुणी शिकवेल असं वाटलं नव्हतं. खिडकीच्या बाहेर रांग असते, आत आपण असतो आणि 'जेवणाची वेळ' ही पाटी आपल्या हाताशी असते. एवढं कळलं की नोकरी निभते. माझी निभली.

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांतच स्वयंपाकघरातली माझी ये-जा बंद करण्यात आली. (मिसळणाच्या डब्यात मोहरीशेजारी मेथी का, एवढंच मी विचारलं होतं.) मग वेळ जावा म्हणून पायथन शिकायला घेतलं. महिनाभरात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती करणारा प्रोग्रॅम लिहिला. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. फ्लॅट नंबर विचारणार, रक्कम विचारणार, रोख की चेक ते विचारणार आणि पावती देणार. एका वेळी एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर आल्याखेरीज दुसरा नाही. थोडक्यात, मी माझीच प्रतिकृती तयार केली होती.

आमचे खजिनदार काका बघायला आले. वय अठ्ठ्याहत्तर, हिशोब चोख, नजर अधू. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "छान आहे. पण हे असं सुतक असल्यासारखं काळं का? खिडकी नाही, बटण नाही. माणसानं दाबायचं काय?"

पुढच्या चार महिन्यांचं मूळ या एका प्रश्नात आहे.

मी पुण्याला भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे ऑफिस हिंजवडीत आहे, तो बहुतेक वेळ हिंजवडीच्या वाटेवर असतो. त्यामुळे त्याच्याकडे मामासाठी भरपूर वेळ असतो. तो म्हणाला, "मामा, टीकेइंटर वापर." बसच्या आवाजात मला 'टिंक्चर' ऐकू आलं. म्हटलं, "अरे, मला लागलेलं नाही काही." "लागेल," तो म्हणाला.

टीकेइंटर पायथनबरोबर फुकट येतं. त्याच्या पोटात जे 'टीके' आहे ते तेव्हा बर्कलीत प्राध्यापक असलेल्या जॉन ऑस्टरहाउट यांचं. त्यांनी १९८८ मध्ये एक छोटी भाषा रचली, तिचं नाव टीसीएल, उच्चार 'टिकल', म्हणजे गुदगुल्या. पाठोपाठ तिच्यासाठी खिडक्या-बटणांची ही पेटी आली. भाच्याच्या मते मी सुखी काळात शिकायला बसलो. एके काळी विंडोजवर सी भाषेत एक रिकामी खिडकी उघडून तिच्यात 'हॅलो' लिहायला ऐंशीच्या आसपास ओळी लागायच्या. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या वार्षिक सभेत स्वागतालाच तेवढ्या लागतात.

तर मी तीन ओळींत खिडकी उघडली. उघडली! कोपऱ्यात फुलीसकट. सौ.ला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "यात काहीच नाहीये." म्हटलं, "वास्तुशांतीला घर रिकामंच असतं."

दुसऱ्या दिवशी खजिनदार काकांसमोर त्याच फाइलवर डबल क्लिक केलं आणि काही म्हणजे काही झालं नाही. काळा पडदा क्षणभर लवला आणि गेला. काका म्हणाले, "लाइट गेले का?"

भाच्याला विचारलं तर तो हसायला लागला. शेवटी 'मेनलूप' नावाची ओळ लिहायची राहिली होती. ती नसेल तर प्रोग्रॅम खिडकी बांधतो, 'झालं काम' म्हणतो आणि घरी जातो. खिडकीही त्याच्याबरोबर जाते. मग काल कशी चालली? तर काल मी पायथनच्या ज्या 'आयडल' नावाच्या संपादकात प्रोग्रॅम चालवला, ते खिडक्यांकडे आपणहून लक्ष देतं. शेजारीण आपल्या तापणाऱ्या दुधावर लक्ष ठेवते, उतू गेलं नाही की आपल्याला वाटतं आपण फार दक्ष.

"पण या मेनलूपमध्ये होतं काय?" मी विचारलं.

"काही नाही. तो वाट बघतो."

"कुणाची?"

"वापरणाऱ्याची. कुणी बटण दाबलं, काही टाइप केलं, खिडकी हलवली, की तो तुझ्या त्या-त्या फंक्शनला हाक मारतो. नाहीतर बसून राहतो."

"मग माझा प्रोग्रॅम सुरू कुठून होतो?"

फोनवर थोडा वेळ फक्त हिंजवडीचे हॉर्न ऐकू आले. मग तो म्हणाला, "मामा, सगळे हाच प्रश्न विचारतात. फक्त वेगवेगळ्या शब्दांत."

ही गोष्ट पचायला मला आठवडा लागला. आयुष्यभर मी ठरवत आलो की आधी पासबुक, मग स्लिप, मग सही. समोरच्यानं आधी सही पुढे केली तर मी त्याच्याकडे बघतच नसे. आणि इथे उलटं. सगळं टेबलावर मांडून ठेवायचं आणि गप्प बसायचं. आलेला माणूस सही आधी करेल, रक्कम नंतर लिहील किंवा काहीही न करता फुली दाबून निघून जाईल. त्याची मर्जी. या पद्धतीला 'कॉलबॅक' म्हणतात असं भाच्यानं सांगितलं आणि मला एकदम ओळख पटली. हे कांदेपोहेच की! पोहे करायचे, चादर बदलायची, मुलगी शिकलेली आहे हे दोनदा सांगायचं आणि पाहुणे उठताना म्हणणार, "आम्ही कळवतो." आपण फोन करायचा नसतो. माझ्या बहिणीच्या वेळी वडिलांनी तीन वर्षं मेनलूप चालवला होता.

हे कळलं, पण हाताला कळायला वेळ लागतो. पुढची चूक लगेच झाली. मी नावासाठी एक रकाना केला, पुढच्याच ओळीत त्यात काय लिहिलंय ते वाचलं आणि त्याच्या पुढच्या ओळीत पावती छापली. पावती आली: 'श्री. यांजकडून रुपये मिळाले.' श्री. कोण, रुपये किती, ठाऊक नाही. भाचा म्हणाला, "तू रिकामा डबा ओट्यावर ठेवलास आणि त्याच क्षणी झाकण उघडून भाजी शोधतोयस. त्यांना भरू तर दे!" वाचायचं काम बटणाच्या फंक्शनमध्ये हवं. बरं. हलवलं.

मग बटण केलं. पायथनमध्ये नावं देवनागरीत चालतात हे कळल्यापासून मी फंक्शनचं नाव 'पावती_छाप' असं ठेवलं होतं. बटणाला सांगितलं, तुझी कमांड म्हणजे पावती_छाप, आणि पुढे सवयीनं दोन कंस घातले. प्रोग्रॅम सुरू केला. खिडकी दिसायच्याही आधी प्रिंटर घरघरला आणि एक कोरी पावती बाहेर आली. बटण दाबलं, तर काही नाही. पुन्हा दाबलं. बटण खाली जायचं, वर यायचं, लिफ्टच्या बटणासारखं. बंद करून पुन्हा सुरू केला, पुन्हा एक कोरी पावती. अशा सहा पावत्या निघाल्यावर सौ. म्हणाली, "त्याला रद्दीची भूक लागलीय."

याचं कारण मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कंस घातले म्हणजे 'आत्ताच्या आत्ता कर'. नुसतं नाव लिहिलं म्हणजे 'हे लक्षात ठेव, वेळ आली की कर'. आपण वॉचमनला प्लंबरचा नंबर देऊन ठेवतो, पाइप फुटला तर बोलव म्हणून. मी नंबर द्यायच्या ऐवजी तिथंच उभा राहून प्लंबरला फोन लावला होता. प्लंबर येऊन गेला, कोरडा पाइप बघून गेला आणि वॉचमनच्या वहीत नंबराच्या जागी लिहिलं गेलं 'काही नाही'. मग पाइप फुटल्यावर वॉचमन वही उघडतो आणि 'काही नाही'ला फोन लावतो. दोन कंसांची किंमत सहा पावत्या. जगभरचे नवशिके हीच चूक करतात, असं भाचा म्हणाला. मला तेवढंच बरं वाटलं.

कंस काढले, पावती नीट आली. मेंटेनन्स १५००, पार्किंग २००, एकूण १५००२००. पंधरा लाख दोनशे. खजिनदार काकांनी ती बराच वेळ हातात धरली. म्हणाले, "लिफ्टचं काम होऊन जाईल." रकान्यात लिहिलेलं सगळं यंत्राच्या लेखी अक्षरंच असतात, ती आकड्यात बदलून घ्यावी लागतात, नाहीतर ते नुसतं शेपटाला शेपूट जोडतं. ते बदलल्यावर काकांनी मुद्दाम माझी परीक्षा घ्यायची म्हणून मराठी अंकांत '१५००' टाइप केलं. मी डोळे मिटून घेतले. पायथननं मुकाट्यानं ते पंधराशे धरलं! देवनागरी अंकांची संख्या ते आपोआप करतं, हे मलाही माहीत नव्हतं. मी चेहऱ्यावर दाखवलं नाही. "त्याची सोय केलीच आहे," म्हटलं.

मांडणीचं मात्र हसं झालं. टीकेइंटरमध्ये वस्तू बसवायच्या दोन मुख्य रीती आहेत. 'पॅक' म्हणजे पंगत, येईल तो पुढच्या पाटावर. 'ग्रिड' म्हणजे रांगोळीचे ठिपके, ओळ आणि स्तंभ सांगून बसवायचं. मी उदार मनानं अर्धी बटणं पॅकनं आणि अर्धी ग्रिडनं एकाच खिडकीत बसवली. एका मांडवात दोन यजमान. जुन्या आवृत्त्यांमध्ये म्हणे हे दोघं एकमेकांनी लावलेल्या खुर्च्या अनंतकाळ हलवत बसायचे आणि प्रोग्रॅम लटकायचा. आता सरळ भांडण बाहेर येतं, लाल अक्षरांत. मी एकाला घरी पाठवलं. मग काकांनी नीट दिसावं म्हणून खिडकी मोठी केली, आणि सगळी बटणं वरच्या डाव्या कोपऱ्यात अंग चोरून बसली, लग्नाला आलेल्या लांबच्या नातेवाइकांसारखी. त्यावरही उपाय आहे, तो इथं सांगत नाही. ओळी-स्तंभांना वजन द्यावं लागतं एवढं कळलं की पुरे.

खरी हळहळ गणपतीची. सोसायटीच्या लेटरहेडवर गणपती आहे, तो खिडकीत वर हवा असा कमिटीचा ठराव झाला. मी एक फंक्शन लिहून चित्र बसवलं. जागा बरोबर सुटली, चौकट आली, गणपती नाही. ना एरर, ना काही. तीन संध्याकाळी गेल्या. फाइल बदलली, चित्र लहान केलं, शेवटी सौ.नं सुचवल्याप्रमाणे दुसरा गणपती लावून पाहिला. तोही आला नाही.

भाचा म्हणाला, "चित्र फंक्शनच्या आत उघडलंस ना? फंक्शन संपलं की आतलं सामान पायथन आवरून टाकतं. त्या चित्राला बाहेर कुणी धरून ठेवलं नाही, म्हणून गेलं ते."

म्हणजे विसर्जन! दीड दिवसही नाही, दीड मिलिसेकंदाचा गणपती. उपाय एका ओळीचा. ज्या पट्टीवर चित्र आहे तिच्याच नावाला ते बांधून ठेवायचं. ती एक ओळ लिहिली आणि महाराज प्रकटले. त्या दिवशी सौ.नं आपणहून चहा दिला.

आता मुख्य दुर्घटना. काकांना एक बटण असं हवं होतं की जे दाबलं की चौऱ्याऐंशी फ्लॅटच्या पावत्या एकदम तयार व्हाव्यात. मी चौऱ्याऐंशी फेऱ्यांचा लूप लिहिला, बटणाला जोडला. काका माझ्या खुर्चीत बसले, बटण दाबलं. काही दिसेना. म्हणून पुन्हा दाबलं. मग जरा जोरात दाबलं. एकूण पाच वेळा, कारण दाराची बेल ते तेवढ्याच वेळा वाजवतात. आणि मग खिडकीचा रंग उडाला. दुधात पाणी घातल्यासारखी पांढुरकी झाली आणि वर इंग्रजीत पाटी आली, 'नॉट रिस्पॉन्डिंग'.

"म्हणजे गेला?" काकांनी हळू आवाजात विचारलं, आयसीयूच्या बाहेर विचारतात तसं.

गेला नव्हता. कामात होता. आणि इथं मला माझी जुनी नोकरी भेटली. खिडकी रंगवणं, बटणाची हाक ऐकणं, माऊस हलला की बघणं, हे सगळं एकच माणूस करतो. त्याला मेन थ्रेड म्हणतात, मी त्याला काउंटर क्लार्क म्हणतो. एक खिडकी, एक क्लार्क. त्यालाच मी आत तिजोरीत चौऱ्याऐंशी पावत्या लिहायला पाठवलं होतं. बाहेर रांग, खिडकीत रिकामी खुर्ची. विंडोज पाच सेकंद वाट बघतं. तेवढ्या वेळात क्लार्कनं एकही हाक घेतली नाही, तर त्या खिडकीची एक फिकट नक्कल पुढे करतं आणि वर ती पाटी लावतं. आम्हीही अशीच पाटी लावायचो. आमची जरा सभ्य भाषेत असे.

पण काकांनी पहिल्या पाच सेकंदांत दाबलेलं एकही बटण वाया गेलं नव्हतं. सगळं रांगेत उभं होतं. क्लार्क पहिल्या चौऱ्याऐंशी पावत्या लिहून परत आला, तर खिडकीत पुढचा अर्ज: चौऱ्याऐंशी पावत्या. त्या करून आला, तर पुन्हा तोच अर्ज. पाच गुणिले चौऱ्याऐंशी. फोल्डर उघडून मी मोजल्या. चारशे वीस.

काका खजिनदार म्हणून अकरा वर्षं निष्कलंक आहेत. ते म्हणाले, "हा आकडा मिनिट्समध्ये घेऊ नका."

भाच्यानं दोन उपाय सांगितले. एक म्हणजे दुसरा थ्रेड, मागच्या खोलीत बसणारा वेगळा माणूस. पण त्यानं खिडकीत तोंड घालायचं नाही, गिऱ्हाइकाशी थेट बोलायचं नाही, झालेलं काम चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायचं. मला हे परिचित होतं, आमच्याकडेही असा एक गृहस्थ होता आणि तो दर वेळी पुढे यायचाच. म्हणून मी दुसरा उपाय घेतला. पहिल्या दाबातच बटण बधिर करायचं, एक पावती करायची, मान वर करून कुणी आलंय का बघायचं, मग दुसरी. टीकेइंटरमध्ये त्याला 'आफ्टर' म्हणतात. बँकेत आम्ही उलट करायचो: एकदा मान वर करायची आणि मग पाच सेकंद विश्रांती.

एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं की अवघड ते संपलं. मग मी बटणांवर मराठी लिहायला घेतली.

ॲपलच्या लिसा संगणकाची एक गोष्ट भाच्यानंच सांगितली होती. तो १९८३ मध्ये बाजारात आला. त्याआधी चाचण्या चालू असताना होकाराच्या बटणावर 'डू इट' लिहिलं होतं. दोन शब्दांमधली जागा इतकी कमी, की काही जणांनी ते 'डोल्ट' वाचलं, म्हणजे इंग्रजीत ठोंब्या. एक जण तर रागावला. मग त्याच्या जागी 'ओके' आलं. मी मनात म्हटलं, अमेरिकेत एवढ्यावर निभावलं. तिथं कुणाला 'ठीक आहे' छापायचं नव्हतं.

'ठीक आहे' म्हणजे होकार, हे शब्दकोशात. घरात 'ठीक आहे' म्हणजे काय, ते कोणत्या स्वरात आणि भांडं कसं ठेवून म्हटलं त्यावर ठरतं. तरी मी हौसेनं स्वतःची चौकट तयार केली. चुकीची पावती खोडायची असेल तर विचारायचं, 'ही पावती रद्द करायची का?' खाली दोन बटणं: 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'.

काकांना बी-३०२ची पावती रद्द करायची होती. त्यांनी चौकट मोठ्यानं वाचली आणि 'रद्द करा' दाबलं. पावती होती तिथंच राहिली.

"झाली का रद्द?"

"नाही काका. तुम्ही रद्द करणं रद्द केलंत."

"मी रद्द करा म्हटलं ना?"

"हो, पण ते रद्द करणं रद्द करा असं होतं."

"मग रद्द करायला काय म्हणायचं?"

"ठीक आहे."

"ठीक आहे काय? मी विचारतोय, काय म्हणायचं?"

"ठीक आहे म्हणायचं."

काका उठले. दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "ठीक आहे." त्या स्वराचं बटण कुठल्याच टूलकिटमध्ये नाही. त्या रात्री मी बटणं बदलली: 'पावती खोडा' आणि 'राहू द्या'. चार महिन्यांत माझ्या हातून झालेली सर्वांत उत्तम प्रोग्रॅमिंगची दुरुस्ती ती, आणि तिच्यात प्रोग्रॅमिंग अजिबात नव्हतं.

वार्षिक सभेत गच्चीवर पडदा लावून प्रोग्रॅम दाखवायचं ठरलं. बत्तीस सभासद, वेफर्स, एक कुत्रा. मी डबल क्लिक केलं. खिडकी उघडली, वर गणपती, खाली रकाने, बटणं आपापल्या जागी. मी बाजूला झालो आणि टाळ्यांची वाट पाहू लागलो.

शांतता. पुढच्या रांगेतून सी विंगचे एक गृहस्थ म्हणाले, "सुरू करा की."

"सुरू झालंय."

"मग काही करत का नाहीये?"

"वाट बघतंय."

"कुणाची?"

मी काही बोलायच्या आत काका उठून पुढे आले. म्हणाले, "मी दाखवतो." चष्मा पुसला, माऊस हातात घेतला, मनोभावे नेला आणि गणपतीवर क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. एकूण पाच वेळा.

"यावर दाबून काही होत नाही?"

"काका, ते बटण नाही. तो गणपती आहे."

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले, "त्याच्यावर दाबल्यावर काहीच होऊ नये?"

गच्चीवरच्या बत्तीस माना माझ्याकडे वळल्या. मी खिशातून फोन काढला आणि हिंजवडीला लावला.